काटक्यांचं तेल

कुरुंदा
९ नोव्हेंबर २०२४

प्रियंके,

रागात लिहून राहिले, तू बी तसंच वाच. दवाखान्यातून लेकरू घरी येऊन पंधरवडा झाला आन् तुझी एक ओळ न्हाई. तुझा फोन रोज येतो ते मला ठावं हाय. पण माझे कान कामातून गेलेले, फोनमधी मला नुसती घरघर ऐकू येती. आमचे धनी, तुझे मामा, फोन कानाला लावून तासभर व्हय-व्हय करतेत आन् ठेवल्यावर मला सांगतेत, "पोरगी बरी हाय." बस, एवढंच. बाकीचं सगळं हा माणूस गिळून टाकतो.

परवा मात्र माझ्या कानाशी तोंड आणून वरडले, "आकांक्षाला तेल चालत न्हाई म्हनं!" मी म्हणलं, काय? तर पुन्हा वरडले, "तेल! आपलं तेल!" शेजारची निर्मलाबाई पळत आली, तिला वाटलं आमचं भांडण जुंपलं.

अगं, घाण्याच्या घरातली नात आन् तिला तेल चालत न्हाई? कोणता डॉक्टर हाय त्यो? त्याला म्हणावं एकदा कुरुंद्याला ये, तुला बाजंवर बसवून वाटीभर पाजते.

तू कळमनुरीहून सुट्टीला यायची तवा दिवस उगवला की घाण्यावर. आडव्या लाकडावर बसून बैलासंग गरागरा फिरायची, उतरली की चक्कर येऊन पडायची आन् पुन्हा चढायची. करडईचं ताजं तेल कोमट असायचं, त्यात गरम भाकरी मोडायची, वरून तिखट-मीठ. हनुवटीवरून तेल वघळायचं आन् फ्राकाला पुसायची. तुझी आई म्हणायची, आत्याच्या गावाहून पोरगी न्हाई, तेलाचं फडकं परत येतं. त्या तेलावर तू वाढली. काय झालं तुला? घोड्यासारखी हायेस.

मागल्या महिन्यात ट्रॅव्हल्सवाल्या उत्तमसिंगच्या गाडीत तेलाचा डबा दिला व्हता. त्याच्यासाठी तुझे मामा वारंगा फाट्यावर ट्रॅव्हल्सची वाट पाहत उन्हात उभे राहिले. तो डबा उघडला का तसाच ठेवला? लेकराला काय झालं? आडपडदा न ठेवता पष्ट लिही. मी बहिरी झाले, येडी न्हाई.

तुझी आत्या


पुणे
१६ नोव्हेंबर २०२४

आत्या,

तुझं पत्र उत्तमसिंगनं माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "बहेनजी, अम्मा बहुत गुस्से में है." त्याला कसं कळलं कोण जाणे.

पष्टच लिहिते. दिवाळीच्या आधी आकांक्षाला ताप आला. दोन घास खाल्ले आणि नको म्हणाली. आम्ही म्हटलं, झोपू दे, सकाळी खाईल. सकाळी उठेना. मी गदागदा हलवलं तर मान टाकली. तुझा बालाजी तिला उचलून तसाच चप्पल न घालता पळाला. अंगातली साखर पार उतरली होती. आत्या, मी इतकी कधी भ्यायले नव्हते. अजून रात्री तिच्या नाकापुढं बोट धरून बघते.

मग तपासण्या झाल्या. आजाराचं नाव एवढं लांबलचक आहे की बालाजीला ते अजून म्हणता येत नाही. तुला समजेल असं सांगते. आपण जेवलो की ते काही वेळ पुरतं. ते संपलं की अंग आपली साठवलेली चरबी जाळतं आणि त्यावर चालतं. आकांक्षाच्या अंगाला चरबी जाळताच येत नाही. तेलाचे लांब ओंडके तिच्या चुलीत जातच नाहीत. करडई, शेंगदाणा, तूप, सगळे लांब ओंडके. म्हणून डॉक्टरबाईंनी एक वेगळं तेल दिलंय, त्यात बारक्या काटक्या असतात, त्या तिच्या चुलीत पेटतात. खोबऱ्यापासून काढतात ते. जेवणात मोजून घालायचं. आणि मुख्य म्हणजे तिला उपाशी ठेवायचं नाही. रात्रीसुद्धा उठवून द्यायचं. तापात तर जास्तच.

हे जन्मतःच असतं. आईकडून आणि बापाकडून, दोघांकडून आलं तरच होतं, एकाकडून आलं तर माणसाला पत्ताही लागत नाही. डॉक्टरबाईंनी विचारलं, लग्न नात्यातलं का? मी म्हटलं, सख्ख्या आत्याचा मुलगा. त्यांनी लिहून घेतलं. आपल्याकडं पोरगी आत्याच्या घरी दिली की सगळे म्हणतात, बरं झालं, घरातली घरात राहिली. तसा हा आजार पण घरातल्या घरात राहिला.

त्यांनी आणखी एक विचारायला सांगितलंय. आपल्या घरात कुणाचं तान्हं मूल असं अचानक गेलं होतं का? तू पण तुझ्या आत्याच्याच घरी दिलेली, म्हणून तुलाच विचारते. आठवून लिही.

डबा तसाच ठेवलाय. तिच्या समोर आम्ही पण ते खात नाही. पण कधी कधी झाकण सैल करून वास घेते. डोळे मिटले की कुरुंदा.

प्रियंका


कुरुंदा
२४ नोव्हेंबर २०२४

प्रियंके,

अगं माय, मग हे आधी सांगायचं की! खोबऱ्याचं तेल पाहिजे म्हण! मी इकडं देवाला बोल लावून राहिले आन् औषध आपल्याच घाण्यात!

तुझ्या मामाला लगेच कळमनुरीच्या बाजाराला धाडलं. पांढरंशुभ्र सुकं खोबरं आणलं, एक तुकडा खवट न्हाई, मी सगळं चाखून पाहिलं. घाणा धुऊन पुसून घेतला, करडईचा वास ऱ्हायला नको म्हणून पहिलं तेल काढून बाजूला ठेवलं. मामा म्हणतेत, घाण्याला एवढी अंघोळ आपल्या लग्नात बी घातली न्हाई. मोठा डबा भरून उत्तमसिंगच्या गाडीत देऊन राहिले. कारखान्यातलं काय पाजती लेकराला? ह्यात कसली भेसळ न्हाई, तुझ्या आत्याच्या हातचं हाय.

नात्यातल्या लग्नाचं तू लिहिलं. व्हय, मीच तुला मागितली. तू नववीत असल्यापासून दादाच्या मागं लागले व्हते. मला दुसरी कोणती सून पाहिजे नव्हती. लग्नात निर्मलाबाई तुला म्हणली, आता सासू हाय, तुमी म्हण. तू म्हणली, मला न्हाई जमत. किती हासलो आपण. आता त्या डॉक्टरनं माझ्याकडं बोट दाखवलं की काय, असं वाटून राहिलं.

तान्ह्या लेकराचं इचारलं. न्हाई. आपल्या घरात असं कुणी गेलं न्हाई. तसंच सांग डॉक्टरला.

आपला हरण्या बैल आठवतो का? त्याच्या डोळ्याला बांधायचं फडकं परवा सापडलं. त्यो गेला तवा मामांनी मोटर बसवली. मोटरचं तेल बी चांगलं निघतं, पर मोटरला काही हाक मारता येत न्हाई.

आकांक्षाला माझ्याकडं पाठव. थंडीचे, उसाचे, हरभऱ्याचे दिवस हायेत. पाळणाघरातल्या परक्या बाईपेक्षा आजी काय वाईट?

आत्या


पुणे
३ डिसेंबर २०२४

आत्या,

डबा मिळाला. आता रागावू नको, आधी पूर्ण वाच.

हे ते तेल नाही गं. खोबरेलात काटक्या असतात, पण ओंडकेही असतात. कारखान्यात त्यातल्या फक्त काटक्या वेगळ्या काढतात, ते हे औषधाचं तेल. त्याला ना रंग ना वास, बघितलं तर पाणी वाटतं. मी डॉक्टरबाईंना तुझ्या डब्याचं सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, पुष्कळ घरांत हीच चूक होते, आणि मूल आजारी पडलं की कुणाला कळत नाही का पडलं. तेव्हा तिला थेंबसुद्धा नाही. सध्या तुझं खोबरेल तुझ्या लेकाच्या डोक्याला लागतंय. केस आहेत तेवढे तरी टिकतील.

तिला पाठव म्हणतेस. खरं सांगू, मला गरजच आहे. फेब्रुवारीत आमच्या शाळेचं प्रशिक्षण आहे, आठवडाभर बाहेरगावी राहायचंय, नाही गेले तर नोकरी पक्की होणं लांबेल. बालाजीची तेव्हा रात्रपाळी. पाळणाघरवाली म्हणाली, ताई, एवढी जोखीम मी नाही घेत. तिचं तरी काय चुकलं.

पण मी तुझ्याकडं पाठवणार नाही, आत्या. तुला ऐकू येत नाही. ती रडली तर तुला कळणार कसं? आणि दुसरं, ते जास्त मोठं. तिकडं तिला ताप आला की निर्मलाकाकू येतील, कपाळाला हात लावतील आणि म्हणतील, "ताप हाय, पोटाला आराम द्या, लंघन पडू द्या." सगळ्या बायका माना डोलावतील. आणि तूही ऐकशील, कारण आपल्याकडं तापाला पहिलं औषध लंघनच. लहानपणी मलाही करायला लावलंय. माझं निभावलं. आकांक्षाचं एका रात्रीचं लंघन म्हणजे ती सकाळी उठणार नाही.

मी वाईट वाटून घेऊ नको म्हणणार नाही, तुला वाटणारच. पण माझी एकच लेक आहे.

प्रियंका


पुणे
२७ डिसेंबर २०२४

आत्या,

तुझं पत्र आलं का म्हणून तीनदा उत्तमसिंगला विचारलं, तो नाही म्हणून मान हलवतो. मामा फोनवर म्हणतात, "पत्र वाचून घडी घालून ठिवलं, बोलत न्हाई." मी तुला दुखावलं. मला तसं लिहायचं नव्हतं, पण लिहिलेलं खोटंही नव्हतं. भांड माझ्याशी. असं गप्प बसू नको. तू गप्प बसलीस की मला करमत नाही.

प्रियंका


कुरुंदा
८ जानेवारी २०२५

प्रियंके,

तुझ्यावर राग न्हाई. तू लंघन शबुद लिहिला आन् मला त्याच्या पुढं वाचवंना. रोज पत्र काढायचे, तिथपर्यंत यायचे आन् ठेवून द्यायचे.

तू इचारलं व्हतं तवा मी न्हाई म्हणलं. ते खोटं.

बालाजीच्या आधी मला एक पोरगं झालं व्हतं. माणिक. गोरंगोमटं, केस दाट. नुकतंच बसाया लागलं व्हतं. बसलं की घाण्याकडं तोंड करून बसायचं आन् बैल फिरला की त्याची मान बी तशीच फिरायची. आमी लै हासायचो. तुझे मामा त्याला मुकादम म्हणायचे, लक्ष ठिवतो म्हणून.

त्याला ताप आला. माझी सासू, म्हणजे माझीच आत्या, तुला आठवत नसंल, ती म्हणली, लंघन करू द्या, ताप उतरंस्तोवर अंगावर पाजू नको. ती वाईट न्हवती गं. माझ्यावर लै जीव व्हता तिचा, तुझ्यावर माझा हाय तसा. तिला जे ठावं व्हतं ते तिनं सांगितलं. गावच्या वैदानं बी तेच सांगितलं. माणिक रडायचा, माझ्याकडं तोंड करायचा, चोळी सगळी भिजून जायची. मी तोंड फिरवून बसले. त्याच्या भल्यासाठीच म्हणत व्हते सगळे. मग तो रडायचा थांबला. सासू म्हणली, बघ, आराम पडला, झोपला. मला बी बरं वाटलं. सकाळी त्याचं अंग गार व्हतं.

बायका माझ्याबद्दल म्हणल्या, द्वारकीचं दूध तेलकट, घाण्यावरची बाई, सारखी तेल खाती, लेकराला बाधलं. मी वरीसभर तेलाला शिवले न्हाई. तेलाच्या घरात राहून कोरडी भाकरी खाल्ली. पुढं बालाजी झाला. त्याला ताप आला की मी त्याला घेऊन करडईच्या पोत्यांमागं जायचे आन् चोरून पाजायचे. काहून पाजते ते मला सांगता आलं नसतं. पण पाजायचे.

माणिकचं नाव घरात काढायचं न्हाई असंच ठरल्यासारखं झालं. मामांनी कधी काढलं न्हाई. बालाजीला ठावंच न्हाई. त्याला सांगायचं का न्हाई ते तू ठरव.

तू म्हणती, तूही ऐकशील. एकदा ऐकलं, प्रियंके. पुन्हा ब्रह्मदेव आला तरी ऐकायची न्हाई. पण तू पोरगी पाठवू नको. आईचं मन मला कळतं. मी रागावले न्हाई एवढंच सांगायला लिहिलं.

आत्या


पुणे
१५ जानेवारी २०२५

आत्या,

पत्र वाचून मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि डॉक्टरबाईंकडं गेले. त्यांना माणिकचं सगळं वाचून दाखवलं. वाचताना मला दोनदा थांबावं लागलं. मग म्हणाल्या, एवढ्या वर्षांपूर्वीच्या बाळाबद्दल छातीठोक कुणी सांगू शकणार नाही, पण हेच असावं. तेव्हा मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनाही बहुतेक कळलं नसतं. आणि म्हणाल्या, "आत्यांना माझ्याकडून सांगा, त्यांचं दूध चांगलं होतं." त्यांचे शब्द आहेत, मी माझ्या मनाचे घातले नाहीत. तुझं दूध चांगलं होतं, आत्या.

बालाजीला सांगितलं. खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "मला भाऊ होता?" आणि विचारलं, दिसायला कसा होता. मी म्हटलं, केस दाट होते. तर स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हसला आणि मग रडला. पोत्यांमागचं पण सांगितलं. त्याच्यात दोष एकाकडूनच आलाय की तुम्हा दोघांकडून, ते तपासायला त्याचंही रक्त दिलंय. माझंही.

मी ठरवलंय. फेब्रुवारीत आकांक्षा तुझ्याकडं राहील. पाळणाघरवालीला, शेजारणीला, माझ्या आईलासुद्धा मला समजवावं लागतं की उपाशी ठेवायचं नाही म्हणजे नाही. सगळे हो म्हणतात आणि मनात म्हणतात, एक वेळ नाही खाल्लं तर काय होतंय. तू तसं म्हणणार नाहीस. ते एक तुला समजवायची गरज नाही.

बालाजी आणून सोडेल. डॉक्टरबाईंचा कागद बरोबर देते, मराठीत आणि इंग्रजीत. ती उलटी करायला लागली, पोटात काही टिकेना, तर घरी थांबायचं नाही, सरळ नांदेडला मोठा दवाखाना, कागद दाखवायचा, साखरेचं सलाईन लावायला लावायचं.

आणि ऐक, तुझ्यासाठी एक. नुसत्या काटक्यांच्या तेलावर मूल वाढत नाही म्हणे. साध्या तेलातलं काहीतरी अंगाला लागतंच, ते अंग स्वतः करू शकत नाही. म्हणून रोज लहान चमचाभर जवसाचं तेल, मोजून, त्यावर थेंब नाही. मी दुकानातून आणणार होते. मग म्हटलं, कशाला?

प्रियंका


कुरुंदा
२६ जानेवारी २०२५

प्रियंके,

जवस निवडायला घेतलंय. खडा न्हाई की काडी न्हाई. मामांना म्हणलं, एका चमच्यासाठी घाणा लावायचा हाय, तर म्हणतेत, लावू की, आपलं गिऱ्हाईक मोठं हाय.

डॉक्टरीणबाईचा निरोप मी कितीदा वाचला ते सांगत न्हाई. मामांच्या हातात पत्र दिलं. वाचलं आन् म्हणले, "मुकादम." एवढंच. पण म्हणले. मग बाहेर जाऊन तोंड धुवून आले.

बिनतेलाचं रांधायला शिकून राहिले. पहिल्या दिवशी वांग्याचं भरीत केलं, मामा म्हणले, हे वांगं अजून मेलं न्हाई. आता जमतंय. मिरची तव्यावर कोरडी भाजायची, लसूण राखेत भाजायचा, वरणाला जिऱ्याची कोरडी फोडणी. ज्वारीच्या लाह्या, साळीच्या लाह्या, कण्या, अंबील. खरं सांगू का, माझी आजी असंच रांधायची. तिच्या काळात तेल सणालाच निघायचं. खाता खाता तिची चूल आठवली, तिच्या हातचं ते पातळ वरण आठवलं. मला वाटलं व्हतं मी इसरले.

रडलं तर कळणार कसं, तू इचारलं. तिच्या मनगटाला माझा पदर बांधून झोपणार. ती हालली की मी हालले. रात्रीचं द्यायला मला गजर ऐकू येणार न्हाई, म्हणून गजर मामांच्या उशाला आन् मामांचा हात माझ्या खांद्याला. आमी दोघांनी रंगीत तालीम बी केली. पहिल्या रात्री गजर झाला, मामांनी गजर बंद केला आन् झोपले. दुसऱ्या दिवशी लै ऐकून घेतलं त्यांनी. आता बराबर उठतेत.

निर्मलाबाईला सांगून ठिवलं, लेकरू आलं की खुशाल ये, पर खाण्याचं काही बोलायचं न्हाई आन् काही आणायचं न्हाई. तोंड वाकडं करून गेली. करू दे.

पाठव आमच्या गिऱ्हाइकाला.

आत्या


कुरुंदा
२ मार्च २०२५

प्रियंके,

तू आकांक्षाला घेऊन गेली तवापासून घर सुनं पडलंय. दवाखान्यात तू माझ्या गळ्यात पडून लै काही बोलली. मला एक शबुद ऐकू आला न्हाई. मी बी बोलले, पर रडता रडता काय बोलले ते मलाच ठावं न्हाई. मामांनी तुला फोनवर सांगितलं ते निम्मं असणार. म्हणून पहिल्यापासून लिहिते.

आली तवा किती खूश व्हती! गावात हळद शिजून राहिली व्हती, सगळीकडं तो वास. ही आजोबाच्या खांद्यावर बसून सगळ्या भट्ट्या पाहून आली. हात पिवळे, नाक पिवळं, मला म्हणते कशी, आजी, मी नवरी. रोज आपल्या हातानं जवसाचा चमचा पुढं धरायची आन् मामा दुकानदारासारखं म्हणायचे, "बाई, तुमचं तेल." हासून हासून लोळायची. तुझं ते पाण्यासारखं तेल मी पेजंत घालायची, कुरकुर न करता प्यायची.

चौथ्या दिवशी दुपारी अंग कोमट लागलं. मी लगेच पेज दिली. उलटली. साखरपाणी चमच्या-चमच्यानं दिलं. ते बी उलटलं. तेवढ्यात निर्मलाबाई आली, तिच्या मागं आणखी दोघी. कपाळाला हात लावला. एकमेकींशी बोलाया लागल्या. मला ऐकू येत न्हाई पर तो शबुद मला व्हटांवरून बी कळतो. माझ्या हातात पळी व्हती. मी म्हणलं, निर्मला, आत्ताच्या आत्ता भाईर हो, न्हाई तर ही पळी तुझ्या टाळक्यात बसंल. तीस वर्षांपासूनची शेजारीण. गेली. नंतर दवाखान्यात लाह्या घेऊन आली व्हती, ते बी लिहिते, उगं तिच्यावर राग धरू नको.

मामांनी टेम्पो काढला. सगळ्या रस्त्यानं मी तिच्या व्हटाला साखरपाणी लावत व्हते. मान टाकाया लागली व्हती. डोळे फिरवत व्हती. त्या येळंला मला दोन लेकरं दिसत व्हती, खोटं कशाला सांगू. कोणाला घेऊन चालले ते मला मधीच समजंना.

नांदेडला एक पोरगेला डॉक्टर व्हता. त्यानं तपासलं आन् हातानं खुणा केल्या, झोपू द्या, बसा तिकडं. झोपू द्या! मी त्याच्या टेबलावर असा हात आपटला की सगळे वळून पाहाया लागले. कागद त्याच्या नाकापुढं धरला. म्हणलं, झोपू द्यायची न्हाई, आधी वाच. बिचाऱ्यानं वाचलं. उभा राहून वाचलं. मग पुण्याला फोन लावला आन् पळतच सलाईन आणलं. त्याच्याबद्दल माझी तक्रार न्हाई. त्याला कुणी सांगितलं नसंल, मला बी कुणी सांगितलं न्हवतं.

मग मी तिच्या मनगटाला पदर बांधला आन् बसले. मामा म्हणले, जरा टेक. मी टेकले न्हाई. डोळा बी मिटला न्हाई. झोपली म्हणून मला बरं वाटलं न्हाई, काही वाटलं न्हाई, नुसती बसले.

उजाडलं आन् पदराला हिसका बसला. पाहते तर डोळे उघडे. माझ्याकडं पाहून राहिली. व्हट हालले. मला काही ऐकू आलं न्हाई. मी म्हणलं, काय गं माय? पुन्हा हालले. मामा मधी पडून सांगाया लागले, काय म्हणती ते. मी त्यांना हातानं थांबवलं. उपाशी लेकरू काय म्हणतं ते कळायला मला कान लागत न्हाईत.

डॉक्टरला खूण करून इचारलं, देऊ का? त्यानं व्हय म्हणून मान हालवली. पातळ पेज, त्यात तुझं तेल. वाटी मी धरली, मामांनी खालून हात लावला. तिनं माझ्याकडं तोंड केलं.

तिनं मागितलं आन् मी दिलं, प्रियंके. पोट भरस्तोवर दिलं.

द्वारका